चेस्टनटच्या खोपटातलं सोनं

इ. स. 1013 च्या आसपास आँजे शहरातला बेर्नार नावाचा एक पंडित दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात आला. शार्त्रच्या फुल्बेरसारख्या नामवंत गुरूकडे शिकलेला, ग्रंथांत मुरलेला माणूस. सांत फ्वा नावाच्या एका बालसंतिणीचे चमत्कार त्याच्या कानावर आले होते आणि ते खरे की लोकांनी रचलेले, हे त्याला स्वतः पाहायचं होतं. वाटेत ओरियाक गावी चर्चच्या वेदीवर त्याला संत जेरोची सोन्याची मूर्ती दिसली. मूर्तीचे डोळे इतके जिवंत, की पुढे गुडघे टेकलेल्या खेडुतांना ती आपल्याकडेच बघते आहे असं वाटत होतं. बेर्नार सोबत्याकडे वळला, हसला, आणि लॅटिनमध्ये म्हणाला की ही मूर्ती तर ज्युपिटरला किंवा मार्सलाही शोभली असती. भोवतालच्या कुणाला त्यातलं अक्षरही कळलं नसणार.

तीन दिवसांनी तो कोंक नावाच्या गावी, तिथल्या मठात पोचला, तोही त्याच मनःस्थितीत. तिथली मूर्ती सांत फ्वाची. आजाँ शहरात रोमन सत्तेच्या काळात, परंपरेनुसार 303 साली, धर्मासाठी जिवे मारली गेलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी. देवांना बळी दे म्हटलं तेव्हा ती नाही म्हणाली, एवढीच तिची कथा. बेर्नारला मठातल्या एका वडीलधाऱ्या साधूने सांगितलं की तुझ्यासारखाच एक शिकलेला माणूस या मूर्तीची टवाळी करून गेला होता, त्या रात्री एक तेजस्वी मुलगी हातात छडी घेऊन त्याच्या स्वप्नात आली. बेर्नार थांबला, लोकांमध्ये मिसळला, ज्यांच्या बाबतीत काही घडलं त्यांना गाठून विचारत सुटला. पुढे आणखी दोनदा तो या आडगावी आला आणि त्याने जे ऐकलं ते लिहून ठेवलं. आपण हसलो होतो हेही त्याने स्वतःच लिहिलं आहे. मला तो फार आवडतो, तो यासाठीच.

ती मूर्ती आजही कोंकमध्ये आहे. हजार वर्षांपूर्वी होती त्याच गावात, चर्चच्या अंगणाला लागून असलेल्या खजिन्याच्या दालनात. उंची 85 सेंटिमीटर. आत लाकूड, वर सोन्याचे पत्रे, आणि त्यावर शतकानुशतकं लोकांनी वाहिलेली रत्नं, मोती, कोरीव खडे. त्या खड्यांमध्ये ख्रिस्तपूर्व देवादिकांच्या आकृती कोरलेले प्राचीन रोमन खडेही आहेत. कुणी वाहिले, सोनाराने बसवले, कुणाला त्यात खटकलं नाही. मस्तक तर मूर्तीहून कितीतरी जुनं, रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातलं, बहुधा एखाद्या सम्राटाचं. त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर प्रौढ, भारदस्त चेहरा आला आहे. मान किंचित मागे, नजर सरळ तुमच्या डोक्यावरून पलीकडे. मी काचेसमोर बराच वेळ उभी होते. सुंदर म्हणावी अशी ती नाही. पण तिच्यासमोरून हलायला मन होत नाही. पालखीतल्या गावदेवीच्या मुखवट्यापुढे लहानपणी जो उभा राहिलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

कोंक हे आव्हेरों जिल्ह्यातलं गाव. रोदेझहून उत्तरेकडे साधारण चाळीस किलोमीटर. दुर्दू आणि ऊश या दोन लहान नद्यांच्या खोल दऱ्या जिथे मिळतात, तिथे उतारावर चिकटलेलं. घरं दगडाची आणि लाकडी चौकटीची, छपरांवर पातळ दगडी कवलं एकमेकांवर चढवलेली, पाऊस पडून गेला की रुपेरी दिसणारी. सपाट जागा म्हणावी तर चर्चपुढचं पटांगण, आणि तेही खोदून, भिंती घालून तयार केलेलं. एवढ्या अरुंद जागेत तीन मनोऱ्यांचं प्रचंड रोमनेस्क चर्च उभं आहे. अकराव्या शतकाच्या मध्यावर मठाधिपती ओदोल्रिकने त्याच्या बांधकामाला जोर दिला आणि बाराव्या शतकात ते पुरं होत गेलं. ल प्वी गावाहून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थाकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंची वाट इथून जाते. ल प्वी ते कोंक सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे पाठपिशवी घेऊन चालणाऱ्याला नऊ-दहा दिवस. ही वाट, म्हणजे आताची जीआर 65 क्रमांकाची पायवाट, शेवटी इतक्या तीव्र उतारावरून गावात उतरते की थकलेले यात्रेकरू गुडघे धरून चर्चपर्यंत येतात. 1998 साली युनेस्कोने फ्रान्समधल्या या यात्रामार्गांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात कोंकचं चर्च आणि दुर्दूवरचा जुना पूल दोन्ही आहेत.

आता अशा अडचणीच्या जागी एवढं वैभव आलं कुठून, हा प्रश्न पडतोच. उत्तर सरळ आहे: चोरी करून.

आठव्या शतकाच्या अखेरीस दादों नावाचा एक तपस्वी या दरीत येऊन राहिला, त्याच्याभोवती मठ जमला, राजाश्रय मिळाला. पण डोंगरातला मठ वाढायचा कसा? नवव्या शतकात राजाने फिजाकला, म्हणजे खालच्या सुपीक, सोयीच्या जागी, कोंकचाच एक नवा मठ काढायची परवानगी दिली. नवा मठ मोठा होऊ लागला आणि जुन्याला आपण विस्मरणात जाणार याची भीती वाटू लागली. त्या काळी मठाची प्रतिष्ठा त्याच्याकडे कोणत्या संताच्या अस्थी आहेत त्यावर ठरे. अस्थी असल्या की यात्रेकरू येत, यात्रेकरू आले की दान येई. कोंककडे मोठ्या संताचं काहीच नव्हतं. मग मठातल्या एका साधूला आजाँला पाठवण्यात आलं. त्याने तिथे वर्षानुवर्षं राहून विश्वास संपादन केला, सांत फ्वाच्या थडग्याची राखण त्याच्याकडे आली, आणि एका रात्री थडगं फोडून अस्थी घेऊन तो पसार झाला. हे 866 च्या सुमाराचं. कोंकच्या साधूंनी ही हकिकत लपवली नाही, उलट अभिमानाने लिहून ठेवली. त्यांच्या दृष्टीने संतिणीची इच्छा नसती तर ती आलीच नसती. आजाँच्या लोकांना काय वाटलं असेल याचा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही. एका गावाचा वारसा दुसऱ्या गावाच्या घरफोडीतून सुरू होतो, हे गोड मानून पुढे जाता येत नाही. युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांमधून फिरताना आपल्याला असंच काहीसं वाटतं. फरक इतकाच की कोंकने ती मुलगी काचेआड ठेवण्यासाठी आणली नव्हती. तिला घरातलं माणूस करून टाकलं.

किती घरातलं, ते बेर्नारच्या पोथीत दिसतं. तिथे पहिलीच गोष्ट गिबेर नावाच्या माणसाची. त्याच्या मालकाने, जो धर्मगुरू होता, रागाच्या भरात त्याचे डोळे काढले. वर्षभर तो आंधळा गवई म्हणून फिरत पोट भरत राहिला आणि सांत फ्वाच्या उत्सवाच्या आदल्या रात्री त्याला दृष्टी परत आली. बेर्नार या गिबेरला प्रत्यक्ष भेटला. चमत्कारावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्या गोष्टीत एका गरीब माणसावर त्याच्या मालकाने केलेला अत्याचार नावानिशी नोंदला गेला आहे. त्या काळच्या किती गरिबांच्या वाट्याला एवढं आलं? कैदेत टाकलेले लोक सांत फ्वाचा धावा करत आणि सुटले की आपल्या बेड्या तिच्या दारी आणून टाकत. त्या इतक्या साठल्या की त्यांतून गर्भगृहाभोवतीच्या लोखंडी जाळ्या घडवल्या, असं परंपरा सांगते. जाळ्या अजून तिथे आहेत. लोखंडाच्या गोल गोल वळ्या आणि वरून चावायला आल्यासारखी टोकं. मी त्यांना हात लावून पाहिला.

आणि मग तिच्या खोड्या. गावकरी तिच्या लहानसहान चमत्कारांना तिचे खेळच म्हणत. तिला दागिन्यांचा भारी सोस. तुलूझच्या काउंटच्या पत्नीच्या, आर्सांदच्या, स्वप्नात जाऊन तिने सोन्याची कांकणं मागितली. आर्सांदही काही कमी नव्हती. ती म्हणाली, देते, पण मला मुलगा हवा. कांकणं कोंकला आली आणि घरी मुलगे झाले. कुणी अंगठी कबूल करून विसरली की बोट सुजायचं. संतिणीने दागिने मागावेत हे बेर्नारला सुरुवातीला अवघड वाटलं असणार, पण बारा वर्षांची मुलगी आणखी काय मागेल? ज्यांनी या गोष्टी सांगितल्या त्यांना ती किती वर्षांची आहे हे शेवटपर्यंत विसरता आलं नाही. मला या सगळ्या पोथीतलं हेच सर्वांत हळुवार वाटतं.

पण ज्या प्रसंगासाठी मी कोंकबद्दल लिहायला बसले तो वेगळाच आहे. यात्रेकरू उत्सवाच्या आदल्या रात्री चर्चमध्ये जागत. हातात मेणबत्त्या, दिवे. साधू स्तोत्रं म्हणायचे, ती लॅटिनमध्ये. खेडुतांना ती यायची नाहीत. मग रात्र काढायला ते आपली गाणी म्हणत, शेतातली, रानातली, कदाचित जरा चावटही. गलका व्हायचा. साधूंना हे सहन होईना. त्यांनी पुष्कळ समजावलं, दटावलं, आणि अखेर एका रात्री चर्चचे दरवाजे आतून कड्या घालून बंद केले. लोक बाहेर ओरडत राहिले, दारं ठोठावत राहिले. मध्यरात्रीनंतर साधू उठून पाहतात तो चर्च माणसांनी गच्च भरलेलं. बाहेरच्या दारांपासून आतल्या जाळ्यांपर्यंत सगळ्या कड्या आपोआप निघालेल्या.

बेर्नारने मठातल्या साधूंना विचारलं होतं की ही गावंढळ गाणी तुम्ही चालवून कशी घेता. त्यावर मठाधिपतीने त्याला ही हकिकत सांगितली. बेर्नार विचारात पडला आणि त्याने लिहिलं की त्या लोकांना दुसरं काही येत नाही. देव शब्दांकडे नाही, जागरणाच्या कष्टाकडे आणि साध्या मनाकडे बघत असेल. ओरियाकला लॅटिनमध्ये हसणारा माणूस तो हाच. त्या रात्री कड्या कुणी काढल्या हे मला ठाऊक आहे असं मला वाटतं. मठात चाकरी करणारा, गावातलाच कुणीतरी पोर असेल, ज्याची आई बाहेर थंडीत उभी होती. पण कड्या कुणीही काढल्या असोत, निवाडा लोकांच्या बाजूने झाला आणि मठाने तो मानला. चर्च कुणाचं, हा प्रश्न कोंकमध्ये हजार वर्षांपूर्वी एकदा विचारला गेला आणि त्याचं उत्तरही मिळालं. माझ्या मते पुढचं सगळं त्या रात्रीतून निघतं.

कारण त्या काळी अशा सोन्याच्या मूर्ती पुष्कळ होत्या. बेर्नारनेच एका मेळाव्याचं वर्णन केलं आहे. रोदेझच्या बिशपने धर्मसभा बोलावली तेव्हा ठिकठिकाणचे मठ आपापल्या संतांच्या मूर्ती आणि पेट्या घेऊन आले, कुरणात तंबू आणि राहुट्या ठोकून त्यात त्या मांडल्या. संत मारियुस, संत आमाँ, सोन्याची मेरी, आणि त्यांत कोंकची मुलगी. नुसतं डोळ्यांसमोर आणून पाहा. हिरवं कुरण आणि त्यात उन्हात चमकणारा संतांचा मेळा. त्या कुरणातून आपापल्या गावी परतलेल्या मूर्तींपैकी कोंकची आजवर टिकली. बाकीच्या युद्धांत गेल्या, धर्मकलहात गेल्या, वितळवल्या गेल्या.

वितळवण्याची वेळ कोंकवरही आली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ बरखास्त झाले, चर्चची मालमत्ता राष्ट्राची ठरली, आणि सोन्याचांदीच्या वस्तू टांकसाळीत पाठवायचे हुकूम सुटले. फ्रान्सभर गावोगावी मूर्ती, पात्रं, घंटा गाड्यांवर लादून गेल्या. कोंकमध्ये अधिकारी येईपर्यंत खजिना नाहीसा झालेला होता. गावकऱ्यांनी तो वाटून घेतला होता. कुणी घरात, कुणी बागेत पुरून, कुणी चेस्टनट वाळवायच्या खोपटात लपवला.

या खोपटांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण चर्चचे फोटो सगळीकडे मिळतात, खोपटांचे नाहीत. तिथल्या बोलीत त्याला सेकादू म्हणतात. रुएर्ग प्रांताच्या या भागातली जमीन निकस, गहू नीट येत नाही. चढावर वाढतात ती चेस्टनटची झाडं. लोक त्याला भाकरीचं झाड म्हणायचे, आणि ते शब्दशः खरं होतं, हिवाळाभर पोट त्यावरच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काटेरी बोंडं खाली पडतात. ताजी फळं टिकत नाहीत, म्हणून झाडांजवळच दगडाची छोटी दोन मजली खोपटी बांधत. खाली ओल्या लाकडाचा मंद विस्तव, ज्वाळा कमी आणि धूर जास्त. वर फळ्यांमध्ये फटी ठेवून केलेला माळा, त्यावर चेस्टनट पसरलेले. आठवड्यामागून आठवडे धूर वर जात राहतो, कुणीतरी रोज येऊन विस्तव राखतो, फळं हलवतो. वाळल्यावर साल बडवून काढायची आणि कडक झालेले पांढरे दाणे पोत्यात भरायचे. ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालत. अंधारी, धुरकट, काजळीने माखलेली जागा. तिथे परका माणूस कशाला डोकावेल?

आणि तिथे, काजळीखाली, नवव्या-दहाव्या शतकाचं सोनं. ज्या घरांत हिवाळाभर चेस्टनटची पेज खात त्या घरांत. धान्य महाग, नाणं कागदी, त्याचं मोल दिवसेंदिवस घसरतंय, पुढचं वर्ष कसं जाईल माहीत नाही. त्या पत्र्यातला एक तुकडा, एक खडा काढून घेतला असता तर कुणाला कळलं असतं? वादळ सरल्यावर लोकांनी खजिना परत आणला. सांत फ्वाची मूर्ती आली, मठाधिपती बेगोंच्या काळातल्या पेट्या आल्या, रोमन लिपीतल्या A या अक्षराच्या आकाराची ती सोन्याचा मुलामा दिलेली वस्तूही आली, जी शार्लमेनने आपल्या मठांना अक्षरं वाटताना पहिलं अक्षर म्हणून कोंकला दिली अशी दंतकथा आहे. हे सगळं ज्यांनी लपवलं त्यांची नावं संग्रहालयाच्या पाट्यांवर नाहीत.

नाव आहे ते प्रॉस्पेर मेरिमेचं. ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी महानिरीक्षक म्हणून तो 1837 च्या उन्हाळ्यात इथे आला. एवढ्या ओसाड मुलखात इतकं वैभव सापडेल याची आपल्याला मुळीच कल्पना नव्हती, असं त्याने अहवालात लिहिलं. चर्च तेव्हा कोसळायच्या बेतात होतं. मठाच्या अंगणाभोवतीच्या कमानींचे दगड तर लोकांनी घरं बांधायला नेलेही होते. मेरिमेने पॅरिसला लिहिलं, पैसे मिळवले, 1840 मध्ये देशातल्या संरक्षित वास्तूंची पहिली यादी निघाली तीत कोंक आलं, दुरुस्ती सुरू झाली. मेरिमेचं ऋण मोठं आहे, त्याच्याशिवाय आज छप्पर नसतं. पण जिथे तिथे लिहिलेलं असतं की मेरिमेने कोंक शोधून काढलं, तेव्हा मला राग येतो. ज्यांनी काजळीतून सोनं परत आणून वेदीवर ठेवलं, त्यांना ते सापडलेलंच होतं. त्यांच्याच नातवंडांनी कमानींचे दगड चुलीला लावले हेही खरं, आणि मला त्यात विसंगती वाटत नाही. दगड त्यांच्यासाठी दगड होते. ती मुलगी होती.

चर्चच्या पश्चिम दारावर अर्धगोलात अंतिम निवाड्याचं शिल्प आहे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं. 124 आकृत्या, आणि काही ठिकाणी निळा, लाल रंग अजून टिकून. मधोमध ख्रिस्त, त्याच्या उजव्या हाताला स्वर्गाची शांत, रांगेत उभी मंडळी, डाव्या हाताला नरकाचा गोंधळ. संत मायकेल पापपुण्य तोलतोय आणि समोरचा सैतान गुपचूप पारड्यावर बोट दाबतोय. कंजूष माणूस गळ्यात थैली अडकवून फासावर. चोरून शिकार करणाऱ्याला सश्याच्या डोक्याचा सैतान सळईवर भाजतोय. खोटी नाणी पाडणाराही आहे, आणि वाईट धर्मगुरूंवरही जाळं टाकलेलं आहे, हे बघून त्या गिबेरला बरं वाटलं असतं. स्वर्गाच्या बाजूला एका छोट्या त्रिकोणात सांत फ्वा जमिनीवर ओणवी, आणि ढगातून आलेला देवाचा हात तिच्या डोक्याला स्पर्श करतोय. तिच्या मागे कमानीला बेड्या टांगलेल्या. कडेच्या पट्टीमागून काही चिमुकले चेहरे पट्टी बोटांनी धरून डोकावत आहेत.

उन्हाळ्यातल्या रात्री प्रेमाँत्रे या कॅथलिक संघाचा एखादा साधू पटांगणात उभा राहून हे शिल्प समजावून सांगतो. हा संघ 1873 पासून इथे आहे. मी ऐकायला गेले तेव्हा पायी आलेले लोक पायांना मलम चोळत दगडी पायऱ्यांवर बसलेले होते. साधू हसवत हसवत सांगत होता, सैतानाच्या बोटावर आला तेव्हा मुलं खिदळली. मग आत ऑर्गन वाजू लागला आणि वरच्या सज्जात जायची वाट उघडली. साधू आले तेव्हा आणखी एक गोष्ट झाली होती. 1875 मध्ये दुरुस्ती चालू असताना गर्भगृहाच्या खांबांमधली एक भिंत फोडली, तर आत मीनाकारीच्या 31 चकत्यांनी मढवलेली चामड्याची पेटी निघाली, आत सांत फ्वाच्या अस्थी. सोळाव्या शतकातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धांच्या धामधुमीत कुणीतरी त्या चिणून ठेवल्या होत्या. म्हणजे क्रांतीच्याही आधी, एकदा लपवून झालं होतं.

सज्जातून खिडक्या जवळून दिसतात. या खिडक्यांवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस गावात मोठा वाद झाला. प्येर सुलाज हा चित्रकार रोदेझचा. शाळकरी वयात त्याला कोंक दाखवायला आणलं होतं, आणि आपण आयुष्यभर चित्रच काढायचं हे इथेच ठरलं असं तो सांगे. पुढे तो काळ्या रंगाचा चित्रकार म्हणून जगभर गाजला. 1986 मध्ये सरकारने त्याच्याकडे कोंकच्या खिडक्या सोपवल्या. 104 जागा. त्याने रंग वापरलाच नाही. पलीकडचं दिसणार नाही पण उजेड आत झिरपेल अशी काच त्याला बाजारात मिळेना, म्हणून तुलूझचा काचकारागीर जाँ-दोमिनिक फ्लरी याच्याबरोबर शेकडो प्रयोग करून त्याने ती तयार करवून घेतली. त्यावर फक्त शिशाच्या वाकलेल्या रेषा. 1994 मध्ये काम पुरं झालं. सकाळी काच निळसर वाटते, संध्याकाळी तांबूस, आणि रंग तर काचेत नाहीच, तो बाहेरच्या आभाळाचा. माझ्या पाहण्यातल्या आधुनिक कामांत जुन्या वास्तूचा इतका मान राखणारं दुसरं काम नाही.

पण त्याआधी तिथे विसाव्या शतकाच्या मध्यावर बसवलेल्या, संतांची चित्रं असलेल्या रंगीत काचा होत्या. त्या काढायला कितीतरी गावकऱ्यांचा विरोध होता. मी उतरले होते त्या घरच्या आजी मला म्हणाल्या, त्यांचं लग्न त्या जुन्या काचांखाली झालं, त्यांच्या पांढऱ्या झग्यावर लाल डाग पडले होते उजेडाचे, ते आता कुणाच्या झग्यावर पडत नाहीत. सुलाजच्या खिडक्या वाईट आहेत असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांची सवय झालीये, एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कलासमीक्षक त्या विरोधाला खेड्यातलं अज्ञान म्हणून मोकळे होतात, तेव्हा मला बेर्नारचं ते लॅटिनमधलं हसू आठवतं. ज्यांना तक्रार करावीशी वाटते त्यांच्याच पूर्वजांनी सोनं लपवलं होतं. आपलं वाटल्याशिवाय माणूस भांडतही नाही आणि लपवतही नाही.

कायद्यानेही ते त्यांचंच आहे. 1905 मध्ये फ्रान्सने धर्म आणि शासन वेगळं केलं तेव्हा तोवर बांधलेली गावोगावची चर्च त्या त्या गावाच्या कम्यूनच्या, म्हणजे ग्रामपालिकेच्या, मालकीची झाली. कॅथीड्रलं सरकारकडे, गावची चर्च गावाकडे. फ्रान्समध्ये अशी जवळपास 35 हजार कम्यून आहेत आणि त्यांतली कितीतरी काही शे वस्तीची. छपरावरची कवलं उडाली, घंटेचा आस झिजला, भिंतीत पाणी शिरलं, की मेयर आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सदस्य जमतात आणि पैसा कुठून आणायचा ते बघतात. संरक्षित वास्तू असेल तर सरकारी मदत मिळते, पण अर्ज, पाठपुरावा, उरलेला वाटा गावाचा. कोंकची वस्तीही अशीच, अडीचशे-तीनशेच्या घरात. 2016 च्या 1 जानेवारीला ग्राँ-व्हाब्र, नोआयाक आणि सां-सिप्रियाँ-सुर-दुर्दू या शेजारच्या गावांबरोबर मिळून कोंक-आँ-रुएर्ग नावाचं एकच कम्यून झालं. आता खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचंही त्या सोन्याच्या मुलीत नाव लागलं. मला हे योग्य वाटतं. चेस्टनट काही फक्त कोंकच्याच उतारावर पिकत नव्हते.

तिथे जायचं असेल तर एक सुचवते. दुपारच्या बसने येऊन परत जाऊ नका, रात्र काढा. सकाळी दुर्दूवरच्या जुन्या पुलावरून पलीकडे जाऊन यात्रेकरूंच्या वाटेने वर चढा. वाट चेस्टनटच्या झाडांतून जाते. मुळं कुजवणाऱ्या रोगाने काही झाडं गेली, पिढ्या गाव सोडून शहरांकडे गेल्या, आणि उरलेली झाडं आता राखायला कुणी नाही, बरीचशी रानटी झाली आहेत. वर सांत फ्वाचं छोटं देऊळवजा चॅपेल लागतं आणि तिथून समोर सगळं गाव दिसतं. सगळे तिथे फोटो काढतात, तुम्हीही काढा. पण उतरताना झाडीकडे लक्ष ठेवा. कुठेतरी दगडाच्या चार भिंती दिसतील, छप्पर बसलेलं, आतल्या बाजूने अजून काळ्या. चर्चच्या प्रत्येक खांबाचं माप घेतलेलं आहे, शिल्पातल्या प्रत्येक आकृतीला क्रमांक आहे. या खोपटांचीही एकेक करून नोंद व्हावी, निदान एकावर तरी पुन्हा छप्पर चढावं आणि शरदात खाली विस्तव पेटवून वर चेस्टनट पसरले जावेत, अशी माझी फार इच्छा आहे. नव्या कम्यूनच्या कुणा सदस्याच्या मनात हे आधीच असेल तर उत्तमच.